पट्टीवरची फुली

बंद पडलेलं विमानतळ पुसायचं नसतं, त्यावर फुली मारायची असते. पुसलं, की कोणीतरी हौशी माणूस ते एखाद्या जुन्या नकाशात पाहतो, आपल्याला मोठा शोध लागला असं समजून पुन्हा नोंदवतो, आणि मेलेली धावपट्टी उठून बसते. फुली मारली की नाव राहतं, जागा राहते, पण तिथे कोणी उतरत नाही. हे मी कितीतरी नव्या लोकांना समजावलं, बहुतेकांना जरा चिडूनच.

हे काम म्हणजे माझी नोकरी नव्हती. माझा तळेगावात कॉम्प्युटर क्लास होता, बसस्टँडजवळ, खाली खताचं दुकान आणि वर आम्ही. नव्वदचं दशक सरता सरता मला विमान चालवण्याच्या एका खेळाचं वेड लागलं. खेळ म्हणायचा खरा, पण वैमानिक होऊ पाहणारी मुलं त्यावरच सराव करत. पडद्यावर कॉकपिट दिसायचं, खाली जमीन दिसायची, आणि जगातली झाडून सगळी विमानतळं त्यात असायची. ती माहिती कोणी कंपनी गोळा करत नव्हती. देशोदेशीचे आमच्यासारखे रिकामटेकडे इंटरनेटवरून भरायचे आणि दुरुस्त करायचे. विदर्भाकडे बघायला कोणीच नव्हतं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. फायलीत विमानतळाच्या नावाआधी कंसात एक्स टाकायचा, पट्टी काढून घ्यायची, झालं. ब्रिटिशांनी लढाईच्या काळात केलेल्या आणि मग शेतात बुडालेल्या कितीतरी पट्ट्यांवर मी अशा फुल्या मारल्या. वाईट वाटलं असं काही नाही.

एक तेवढी सोडून. ती बाबांची पट्टी होती.

बाबा बांधकाम खात्यात चौकीदार होते. तळेगावहून आर्वीच्या बाजूला आत गेलं की मुरमाची एक सरळ हवाईपट्टी होती, खात्याची. मंत्री, मोठे अधिकारी, कधी एखादा कारखानदार, असं कोणी यायचं असलं की ऑफिसातून निरोप यायचा आणि बाबा कामाला लागायचे. गुरं हाकलायची, खांबावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडाची लांब सोंड नीट फिरते की नाही बघायची, दोन्ही कडांना अर्धे पुरलेले दगड होते त्यांना चुना मारायचा. विमान येऊन जायचं, साहेब लोक गाडीत बसून निघून जायचे, आणि बाबा संध्याकाळी घरी येऊन ते विमान पट्टीला कसं टेकलं ते आम्हाला हाताने करून दाखवायचे. आई म्हणायची, "तुमी नाई उतरले ना त्यातून? मंग जेवा." माझी धाकटी बहीण मात्र ताट सोडून ऐकायची. तिच्या डोक्यात वैमानिक व्हायचं तिथेच शिरलं. मी क्लास काढला आणि ती आभाळाकडे बघत मोठी झाली.

पुढे विमानं यायची थांबली. सोंड फाटली, नवी आली नाही. बाबा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी नेमलं नाही. मग धरणाच्या पाण्याचा पाट आमच्या भागात आला आणि त्याची एक चारी पट्टीच्या बरोबर मधून आडवी खणली गेली. माणूस उभा राहील एवढी खोल. लोक खूश झाले, कारण पाणी आलं. पावसाळा संपला की चारीच्या दोन्ही काठांवर तरोटा माजायचा, इतका की चारीच्या जागी नुसता हिरवा पट्टा दिसायचा, खाली खड्डा आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे. शेतकरी मुरमावर सोयाबीन वाळत घालायला लागले. सगळ्या गावाच्या लेखी पट्टी संपली होती. बाबांच्या लेखी नव्हती.

"बंद झाली म्हणून आर्डर कुठं आली?" ते म्हणायचे.

आमच्याकडे दसऱ्याच्या आधी घराला चुना होतो. अशोक विजयादशमीला घर पांढरं दिसलं पाहिजे, हा आईचा कायदा. घर झालं की उरलेला चुना बाल्टीत घेऊन बाबा सायकलने पट्टीवर जायचे आणि कडेचे दगड रंगवून यायचे. निवृत्तीनंतरही, चारी खणल्यावरही. चुन्यात डिंक घालायचे म्हणजे टिकतो. मला राग यायचा. कुणासाठी? गाई-म्हशी काय त्या रेषा बघून चरणार होत्या? आई म्हणायची, जाऊ दे, पिऊन तर नाई ना पडत कुठं.

मी फुली मारली त्या दिवशी बाबा क्लासमध्ये आले होते, माझा डबा घेऊन. पडद्यावर आपल्या गावाचं नाव दिसलं म्हणून थांबले. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण एक्स कळला.

"हे काय केलं वं?"

मी सांगितलं. पुसत नाही, नुसती फुली मारते, तुमच्या पट्टीचं नाव जगाच्या यादीत राहीलच, वगैरे. नव्या लोकांना सांगायची ती सगळी पोपटपंची केली.

"जित्या माणसाले मेला म्हणून लिहून राह्यली तू," ते म्हणाले. "खात्यानं नाई लिहिलं अन् तू कोन लिहिनारी?"

"मधातून चारी गेली बाबा. विमान काय उडी मारून पलीकडे जाईल?"

"चारी बुजवता येते. एका दिवसाचं काम हाये."

डबा टेबलावर ठेवून ते निघून गेले आणि पुढचे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही माघार घेतली नाही. माझं बरोबर होतं, आणि बरोबर असलं की मी जरा जास्तच ताठ होते.

बहीण तोवर शिष्यवृत्ती मिळवून नागपूरला विमान शिकायला लागली होती. महिन्यातून एखादा रविवार घरी यायची. घरी माझं जुनं कॉम्प्युटर होतं, त्यावर ती सराव करायची. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. दार लोटलेलं असायचं आणि आतून दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी आत जात नसे. अबोला आमचा होता, तिचा आणि बाबांचा नव्हता. तिचा लाडच होता.

त्या वर्षी दसरा झाला आणि चारच दिवसांनी, सकाळी मी क्लासला निघाले असताना तिचा फोन आला. आवाज उंच लागला होता.

"ताई, आज एकटी चालले मी. पयल्यांदाच. अमरावतीपर्यंत जाऊन वापस. हायवे धरून येईन, तुमच्यावरून जाईन. बाबाले सांगजो, वर पाहा म्हणा."

मी म्हटलं, नीट जा. तिने ठेवता ठेवता सांगितलं, "मी काही भेत नाई. अन् मधात काही झालंच तर बाबाची पट्टी हायेच ना."

मी म्हटलं, काय? पण फोन ठेवला गेला होता.

बाबा अंगणात होते. मी तिचा निरोप सांगितला आणि विचारलं, पट्टी हायेच असं ती का म्हणाली. बाबांनी मान डोलावली. कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघून हसले.

"तिले येते उतरता. माह्यासमोर किती वेळा उतरली. इंजन बंद करून देते अन् वरून अशी गुपचूप उतरते. पाह्य ना मशीनवर."

मी पाहिलं. घरच्या कॉम्प्युटरवरच्या तिच्या फायलीत फुली नव्हती. तिने ती काढून टाकली होती आणि पट्टी पुन्हा घातली होती, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सलग. बाबांना तिथे विमान उतरताना बघायचं होतं म्हणून. चारीचा मागमूस नव्हता. नसणारच, पडद्यावर चारी असायला ती कोणीतरी भरावी लागते.

मी तशीच अंगणात परत आले.

"बाबा, तिला चारी माहीत आहे?"

ते दाराकडे वळले.

"तुम्ही तिला सांगितलंत का, मधातून चारी गेली म्हणून?"

"ताईनं उगाच फुली मारली असं म्हटलं मी," ते म्हणाले. "पोरीचं मन कायले मोडा?"

चारी खणली तेव्हा ती शिकायला बाहेर वसतिगृहात होती. त्यानंतर ती पट्टीवर गेलीच नव्हती, जायचं कारणच नव्हतं. गावाला माहीत होतं म्हणजे तिलाही माहीत असणार, असं मी धरून चालले होते. आता फोन लावला तर तिचा मोबाईल बंद. ती शिकत होती त्या नागपूरच्या फ्लाइंग क्लबचा नंबर शोधून लावला, तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, मी लावत राह्यते, तुमी काय कराचं ते करा.

काय करायचं? मी बाबांकडे वळले आणि मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. अमरावतीपर्यंत काही होणार नाही कदाचित. बहुतेक होणारच नाही. पण झालं तर तिचे हात तिला तुमच्या पट्टीकडे नेतील, कारण तुम्ही दोघांनी त्या हातांना तेच शिकवलंय. तिला वरून दगड दिसतील, नुकताच चुना मारलेले, एका रांगेत, आणि मधला तरोटा गवतासारखा दिसेल. चाक जमिनीला लागल्यावर तिला चारी दिसेल. तेव्हा काही करता येत नाही बाबा.

ते चपला न घालताच अंगणात उभे होते. "या वर्षी दगड चांगले केले मी," ते म्हणाले. "दोन हात देल्ले. तिले वरून दिसले पाह्यजे म्हणून."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ओरडता आलं नाही.

मग ते स्वतःच न्हाणीच्या मागे गेले आणि चुन्याचं पोतं ओढून आणलं. भुकटी होती, कबड्डीच्या मैदानाला फक्की मारतात तशी. मी गाडी काढली. पोतं पायाशी, बाबा मागे, हातात विहिरीचा दोर. तो कशाला घेतला हे मी विचारलं नाही.

पट्टीवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. दगड खरोखरच चमकत होते. मी आजवर कितीतरी वेळा पाहिले असतील, पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा वरून दिसले, तिला दिसतील तसे. तांबड्या मुरमावर दोन पांढऱ्या ओळी, या, इथे उतरा, असं म्हणणाऱ्या. दोघी बाया पट्टीच्या अलीकडच्या टोकाला सोयाबीन पसरत होत्या. बाबांनी त्यांना ओरडून बाजूला व्हायला सांगितलं.

मी मूठभर फक्की घेऊन रेघ ओढायला लागले तर बाबांनी हात धरला. "लहान नको काढू. वरून मुंगीएवढी दिसन." त्यांनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि पट्टीच्या एका कडेपासून समोरच्या कडेकडे तिरपं चालत गेले. दोर ताणला, म्हणाले, याच्यावरून टाक. मी टाकत गेले. पोत्यातला वरचा चुना चांगला होता. अर्धी रेघ झाल्यावर खालचा लागला, आणि त्यात नुसते दगड झालेले गोळे. पावसाळ्यात ओल धरली होती. आम्ही ते टाचेने फोडले, हाताने कुस्करले, तळहात झोंबायला लागले, आणि एक रेघ कशीबशी पुरी झाली.

एका रेघेला फुली म्हणत नाहीत. वरून एक तिरपी पांढरी रेघ दिसली तर माणूस काय समजेल? काहीच नाही. मी पोतं झटकलं. त्यातून धूर निघावा तशी धूळ निघाली, बाकी काही नाही. मी म्हटलं, बाबा, संपलं.

बाबांनी कडेकडे बघितलं. मग चालत गेले, पहिल्या दगडाशी वाकले, आणि दोन्ही हातांनी तो हलवायला लागले. पावसाने माती मऊ होती. दगड निघाला. खालचा अर्धा तांबडा, वरचा अर्धा पांढरा. तो छातीशी धरून त्यांनी मधोमध आणून ठेवला, पांढरी बाजू वर करून, आणि दुसऱ्याकडे गेले.

मीही लागले. त्या दोघी बायांनी थोडा वेळ बघितलं, मग पदर खोचून आल्या आणि त्याही दगड उचलायला लागल्या, कशासाठी ते न विचारता. दुसरी रेघ दगडादगडाने पुढे सरकत होती आणि मी सारखी पूर्वेकडे कान लावत होते. ट्रकचे आवाज हायवेवरून यायचे आणि प्रत्येक वेळी मी हातातला दगड धरून थांबायचे.

मग तो आवाज आला. ट्रकचा नव्हता. सुरुवातीला एकसारखा, लांबून येणाऱ्या थ्रेशरसारखा. बाबा दगड घेऊन उभेच राहिले. विमान दिसलं, पांढरा ठिपका, हायवेच्या वर. जाईल, मी मनात म्हटलं, जाईल सरळ. आणि त्याच वेळी आवाज अडखळला. थांबला नाही, पण अडखळला, पुन्हा लागला, पुन्हा अडखळला. तो ठिपका हायवे सोडून आमच्याकडे वळला आणि मोठा व्हायला लागला.

फुली पुरी झाली नव्हती. दुसऱ्या रेघेचं पलीकडचं टोक उरलं होतं. बाबा हातातला दगड घेऊन त्या टोकाकडे पळाले. त्यांना मी आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. दगड ठेवला, वळले, अजून एक ओढून काढला. मी ओढणी काढून हलवत होते, ओरडत होते, जसं काही तिला ऐकू जाणार होतं. बाया खाली बसल्या. विमान समोर आलं, पट्टीच्या रेषेत, बरोबर तसं, जसं ती दार लोटून शिकली होती. बाबा फुलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले.

विमानाचा एक पंख खाली गेला. ते पट्टीवरून बाजूला झालं आणि हायवेच्या दिशेने वळलं, इतकं खाली की पोटाखालची चाकं स्पष्ट दिसली. बाभळींच्या मागे गेलं आणि आवाज बुडाला. कानावर नुसता वारा. मग बाभळींच्या पलीकडे इंजिन पुन्हा लागलं, एकसारखं, भरलेलं, आणि विमान वर चढताना दिसलं. पश्चिमेकडे लहान होत गेलं.

बाबा तिथेच खाली बसले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आमच्या दोघांचे हात चुन्याने उलले होते. ती परत जाताना आमच्यावरून उंचावरून गेली, आवाज नीट होता, तोवर आम्ही उठलो नाही.

संध्याकाळी फोन आला. आईने उचलला, थोडं रडली, मग मला दिला. बहीण घाईघाईने सांगत होती. हवेत दमटपणा असला की कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, भर उकाड्यातसुद्धा, मग इंजिन खोकायला लागतं. गरम हवेचा दांडा ओढला की बर्फ वितळतो, पण जरा वेळ जातो. तेवढा वेळ तिला माहीत नव्हतं, वितळेल की नाही.

"दगड लांबूनच दिसले ताई. मी म्हटलं चला, पोचलो. मंग फुली दिसली. फुलीवर उतराचं नसते, एवढंच आठवलं, अन् वळवलं." ती थांबली. "तू मारली ना?"

"नाही," मी म्हटलं. "बाबांनी."

मी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. ती रडत असावी. ते म्हणाले, "मधातून चारी हाये माय. मी नाई सांगतलं तुले." आणि मग, "आली का घरी तू, त्या मशीनमधी पन फुली मारून घेजो."

पुढच्या दसऱ्याला घराचा चुना झाल्यावर बाबांनी बाल्टी उचलली. मी विचारलं नाही, गाडी काढली. कडा मोकळ्या होत्या; उरलेले दगड आम्ही मागेच फक्की वाहून गेलेल्या रेघेवर मांडले होते, आणि उपटलेल्या जागी गवत आलं होतं. बाबा फुलीच्या एका टोकाला बसले आणि एकेका दगडाला कुंचल्याने चुना मारत पुढे सरकायला लागले, डिंक घातलेला, दोन हात. सोयाबीन पसरणाऱ्या बायांपैकी एकीने विचारलं, बंद पट्टीले कायले रंगवून राह्यले बाबा, काढून टाका ना ते दगड.

"काढाचे नसते," बाबा म्हणाले. "काढले का कोनीतरी पुन्हा जित्ती समजते."

ते वाक्य माझं होतं. मी दुसरा कुंचला घेतला आणि समोरच्या टोकाला जाऊन बसले.